एक आठवडा मागे

काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत रोजचा प्रश्न उमटला, ‘आज कोणती तारीख?’, आणि मी एकचा आकडा दाबून सातवर बोट नेलं, तर ते बोट खालीच जाईना. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मागच्या गोदामात कोणीतरी सिलिंडर सरकवत होतं, पंखा कुरकुरत होता, आणि मी स्वतःच्याच बोटाकडे बघत बसलो होतो. बोटाला काहीही झालेलं नव्हतं. कडेला ग्रीसची काळी रेघ, नखाला एक जुनी चीर, गेली पस्तीस वर्षं आहे तेच बोट. मी ते उचललं, पँटला पुसलं, परत नेलं. सतरा. सतरा मार्च. पुढे साल टाकायचं, आणि साल आजचं नाही, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. या मशीनला आजचं साल चालत नाही. वारांचा तक्ता त्यात जेवढ्या वर्षांपुरता भरून ठेवला होता तेवढी वर्षं चार वर्षांपूर्वी संपली, आणि एका सकाळी प्रोग्रॅमनं पुढचं काहीही ऐकायला साफ नकार दिला. तेव्हा मी त्याला, आत भरलेल्या सगळ्या तारखांसकट, अठ्ठावीस वर्षं मागे नेऊन बसवलं. अठ्ठावीसच का, तर तेवढ्या वर्षांनी तारखा आणि वार परत हुबेहूब जुळतात, लीप वर्षासकट. साल खोटं, पण मंगळवार तो मंगळवारच. आणि या ऑफिसला मतलब आहे तो वाराशी. इथून घरोघर ऑक्सिजनचे सिलिंडर जातात. सोमवारची घरं वेगळी, मंगळवारची वेगळी. सकाळी मशीन त्या वाराची यादी छापतं, यादी घेऊन दोन गाड्या निघतात, आणि यादीतल्या माणसांना श्वास मिळतो. यादीत नाव नसेल तर मिळत नाही. इतकं हे सरळ आहे.

मशीनच्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेली. ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली होती, गळून तिनं आजूबाजूचं तांबं खाल्लं, म्हणून मी तिला कापून टाकली. तेव्हापासून मशीन बंद केलं की त्याला तारीख आठवत नाही आणि रोज सकाळी माणसानं येऊन ती सांगावी लागते. मॅनेजरबाईंनी एकदा स्वतःच्या हातानं मशीन चालू करून चालू साल टाकलं आणि अर्धा दिवस यादीचा पत्ता नाही. त्या दिवसापासून ही तारखेची भानगड माझ्या गळ्यात आहे. मी रोज आठला येतो, थंडी असेल तर मशीनच्या पाठीला टेबललॅम्प लावून ठेवतो, कारण थंडीत ते जागं होत नाही, मग पॉवर सप्लायला तळहातानं एक हलकी थाप देतो, मग तारीख टाकतो. बाईंनी तीनदा विचारलं, काका, नवीन कॉम्प्युटर घेऊया का आता? तीनदा मी सांगितलं, कशाला, अजून पाच वर्षं सहज काढेल. ते काही खरं नव्हतं. माझ्याकडे एवढेच सुटे भाग उरलेत की पाच महिने निघाले तरी खूप. पण प्रोग्रॅम दादानं लिहिलेला होता. ‘आज कोणती तारीख?’ हा प्रश्न दादानं रोमन अक्षरांत बसवलेला, कारण त्या काळी या पडद्यांना आपली अक्षरं येत नव्हती, आणि प्रश्नामागे एक मोकळी जागा सोडून मग प्रश्नचिन्ह द्यायची त्याची खोड होती. ती मोकळी जागा मी रोज बघतो.

आता हे सांगायलाच हवं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सतरा मार्चला, मंगळवारी, दादा गेला. म्हणजे चार वर्षांपूर्वी मी जेव्हा घड्याळ मागे नेलं तेव्हा मशीनमध्ये दादा जिवंत झाला. मी हे ठरवून केलं नव्हतं, आधी लक्षातही आलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तारीख टाकताना एकदम डोक्यात आलं, अरे, या तारखेला तर आपण कॉम्प्युटरचं पहिलं दुकान भाड्यानं घेतलं. दादा स्टुलावर चढून पाटी लावत होता आणि मी खालून ‘डावीकडे, डावीकडे’ करत होतो, आणि पाटी लागली ती वाकडीच. मग रोज सकाळी नादच लागला. तारीख टाकायची आणि एक मिनिट बसायचं. या दिवशी दादा असाच बाकावर वाकून बसलेला असेल. या दिवशी त्याचं लग्न ठरलं. या दिवशी त्यानं दाढी काढली आणि वहिनींनी त्याला दारात ओळखलंच नाही. ज्या दिवसांचं काहीच आठवत नव्हतं ते दिवस मला जास्त आवडायचे, कारण त्या दिवशी काही घडलंच नसणार, आम्ही दोघं नुसते दुकानात असणार, तो प्रोग्रॅम लिहीत असणार आणि मी कुठल्यातरी प्रिंटरचं पोट उघडून बसलेलो असणार. बायको म्हणायची, सकाळी सकाळी कुठे एवढी घाई असते तुम्हाला, तिथे कोणी वाट बघतंय का? मी हसण्यावारी न्यायचो. आणि हे चालू असताना मला सतत माहीत होतं की हा रस्ता कुठे जातो. तारखा काही थांबत नाहीत. गेला महिनाभर झोप नीट नाही, जेवताना मध्येच उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो, कोणी दोनदा हाक मारली की चिडतो. आणि आज त्या हिरव्या एकच्या पुढे सात टाकायचा होता. माझ्याच हातानं.

त्यात सकाळी घरातून निघताना वहिनींचा फोन आला होता. दरवर्षी येतो. “भावजी, लक्षात आहे ना आज?” मी म्हटलं, “असं कसं विसरेन, वहिनी?” “अठ्ठावीस झाली,” त्या म्हणाल्या. मग दरवर्षी म्हणतात तेच म्हणाल्या, “संध्याकाळी लवकर येतो म्हणाले होते. बघा ना, कधी म्हणून असं सांगून जायचे नाहीत, आणि त्याच दिवशी तेवढं म्हणाले.” मी हूं म्हटलं. मी दरवर्षी हूं म्हणतो. दादा असं काही म्हणालाच नव्हता. तीन दिवस आमचा अबोला होता. त्या दिवशी तो दुकानातून निघाला तेव्हा मी पाठ करून सोल्डरिंग करत होतो. तो दारात थांबला हे मला पाठीमागून कळलं, पण मी वळलो नाही, आणि तो गेला. बसथांब्याच्या बाकावर बसल्याबसल्या गेला. चौतीस वर्षांचा होता. तीन बसेस येऊन गेल्या, लोकांना वाटलं माणूस झोपलाय. दुपारी वहिनींनी माझी कॉलर धरून विचारलं, जाताना काही बोलले का, काहीतरी बोलले असतील ना, आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, हो, संध्याकाळी लवकर येतो म्हणाला. एवढंच मी रचलं. वाक्यही काही खास नाही. पण वहिनींनी ते अठ्ठावीस वर्षं जपून ठेवलंय आणि दर सतरा मार्चला मला काढून दाखवतात. मला त्या दिवशी रडूही आलं नाही. सगळे म्हणाले, धाकटा किती खंबीर आहे बघा. खंबीर कसला, आत नुसता दगड बसला होता.

तर बोट खाली जाईना. आणि मग मला एक युक्ती सुचली, आणि सुचली याचा आनंदही झाला, हे कबूल करतो. सातच्या जागी शून्य टाकलं तर? दहा मार्च. बरोबर एक आठवडा मागे. तोही मंगळवारच. यादी वाराप्रमाणे निघते, म्हणजे मंगळवारचीच निघेल. यादीच्या माथ्यावर तारीख छापलीच जात नाही, नुसता वार, कारण दादा म्हणायचा ड्रायव्हरला तारखेशी काय करायचंय. कोणाला कळणार नाही, कोणाचं बिघडणार नाही, आणि दादाला सात दिवस मिळतील. सात दिवसांनी काय, ते सात दिवसांनी बघू. हवं तर परत मागे घेऊ. मी शून्य दाबलं, साल दाबलं, एंटर मारलं. प्रिंटर घसा खाकरल्यासारखा दोनदा अडखळला आणि कर्र कर्र करत यादी ओकू लागला. एकेचाळीस नावं. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच उठून प्रिंटरवरची धूळ पुसली.

पैलवान आला. पैलवान म्हणजे ड्रायव्हर, अंगावर पाव किलो मांस नाही म्हणून पैलवान. त्यानं कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या टर्रकन फाडल्या, यादीवरून अंगठा फिरवला, एका जागी अंगठा जरासा अडखळला असं मला वाटलं. “काका, आज खुशीत दिसताय,” एवढंच म्हणाला. “का, खुशीत असायला बंदी आहे?” मी म्हटलं. “तसं नाही, पण तुमचं तोंड सकाळी नेहमी एरंडेल प्यायल्यासारखं असतं.” तो गाडीत सिलिंडर चढवायला गेला. मॅनेजरबाई आल्या, पर्स खुंटीला लावत म्हणाल्या, “निघाली का यादी?” “निघाली,” मी म्हटलं. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. रस्त्यावर ऊन होतं. मी नेहमीपेक्षा भराभर चालत होतो आणि हसावं की काय कळत नव्हतं. दोन चौक ओलांडले असतील नसतील, ते हलकेपण गेलं. कुठे गेलं कळलं नाही. घरातून निघताना कुलूप लावलं की नाही अशी जी टोचणी लागते ती लागली. मी खिसे चाचपले. पिशवी उघडून पाहिली. स्क्रूड्रायव्हर होते, मल्टिमीटर होता, खोडरबर होतं. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी काहीतरी राहिलं होतं.

तिथून पुढे मला चष्म्याच्या काचा घासण्याच्या वर्कशॉपमध्ये जायचं होतं. त्यांच्याकडे घासणीचं यंत्र चालवणारा कॉम्प्युटर आहे, वयानं आमच्या मशीनपेक्षा थोडा धाकटा, पण नखरे त्याच्या दुप्पट. गेले काही दिवस काचा एका बाजूला जाड निघत होत्या. मी पोचलो, झाकण उघडलं, आतलं कार्ड बाहेर ओढलं आणि त्याच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासत बसलो. या कामाला डोकं लागत नाही. जुन्या मशीनचे निम्मे आजार खोडरबरानं बरे होतात, पण हे गिऱ्हाइकाला दिसू द्यायचं नसतं, नाहीतर त्याला वाटतं हे आपणही केलं असतं. वर्कशॉपभर काचेची पांढरी पेज उडत होती, घासणीचा एकसुरी घूं घूं आवाज होता, आणि मी घासत होतो आणि पाय हलवत होतो. मास्तर, म्हणजे तिथले मुख्य कारागीर, दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, “अहो, सोनं निघून जाईल, किती घासताय?” मी खाली पाहिलं. कड लखलखीत झाली होती आणि मी तरीही घासत होतो. जेवणाची वेळ होऊन गेली होती. मी कार्ड परत बसवलं, चालू केलं, पहिली काच बरोबर निघाली. मास्तर खूश झाले. मी म्हटलं, अजून एक बघूया. मला तिथून उठायचं नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

दुसरी काच घासली जात असताना मी त्या भांडणाचा विचार करत होतो. अबोल्याच्या आधीचं भांडण. त्यात नवीन काही नव्हतं, मी ते हजारदा आठवलंय, पण मी नेहमी शेवटचं वाक्य आठवतो. दादा म्हणाला होता, “तू स्क्रू फिरव. माणसांचं मी बघतो.” हे वाक्य मी इतकं उगाळलं की भांडण कशावरून झालं ते बाजूलाच पडलं होतं. कशावरून झालं होतं? याच सिलिंडरच्या ऑफिसवरून. नव्यानं प्रोग्रॅम बसवला होता आणि पहिल्याच महिन्यात एका घरी सिलिंडर गेला. पेशंट दवाखान्यातून घरी यायचा होता, चार दिवसांनी. नाव आधीच घालून ठेवलेलं, यादीत छापून आलं, ड्रायव्हर घेऊन गेला. आणि तो पेशंट घरी आलाच नाही, दवाखान्यातच वारला, आणि त्याच सकाळी दारात सिलिंडर उभा. घरातल्या बाईनं ड्रायव्हरला आत घेतलं आणि सिलिंडरला धरून रडत बसली. दादाला हे कळलं तसा तो अस्वस्थ झाला. म्हणाला, प्रोग्रॅममध्ये एक अट टाकतो. ज्या तारखेपासून नाव लागू, त्या तारखेच्या आधी ते यादीत येताच कामा नये. मी म्हटलं, दहा वर्षांत एकदा होणारी गोष्ट, त्यासाठी सगळा प्रोग्रॅम परत उसवायचा? सगळ्या फ्लॉप्या परत करायच्या? एका घरासाठी? तो म्हणाला, “ज्याच्या घरी झालं त्याला ते एकच घर आहे.” मी काहीतरी कुत्सित बोललो. मग ते स्क्रूचं वाक्य आलं. मग अबोला. आणि त्या तीन दिवसांत, माझ्याशी न बोलता, माझ्याकडे पाठ करून, त्यानं ती अट लिहिली आणि ऑफिसात जाऊन बसवूनही आला. त्या तारखेच्या आधी नाव येताच कामा नये.

माझे हलणारे पाय थांबले. मशीन आज दहा मार्चमध्ये होतं. मी त्याला तिथे ठेवून आलो होतो. दहानंतर ज्यांची नावं घातली, ती माणसं मशीनच्या मते अजून व्हायची होती.

मी मास्तरांच्या टेबलावरचा फोन न विचारता उचलला. “बाई, मागच्या मंगळवारनंतर मंगळवारच्या यादीत नवीन नाव घातलंत का कोणाचं?” “घातलं ना, गुरुवारी. एक बाई आहेत, मंगळवार-शुक्रवार. का हो काका?” “आजच्या यादीत आहेत का त्या? यादीची कार्बन कॉपी बघा.” कागद उलटल्याचा आवाज आला. परत उलटल्याचा. “नाहीयेत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. “अहो, दीड वाजता त्यांच्या मिस्टरांचा फोन आला होता, गाडी कधी येणार म्हणून. मी म्हटलं निघालीये, येईलच. मी यादी बघितलीच नाही हो.” मी घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते. “पैलवानाला लावा फोन,” मी म्हटलं, “आणि एक सिलिंडर बाहेर काढून ठेवा. मी येतोय.” मी धावलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भर दुपारी पिशवी छातीशी धरून धावतोय, लोक बाजूला होत होते. धावताना मला सारखं वाटत होतं की दादा पुढे चाललाय आणि मागे वळून बघत नाहीये.

बाईंनी स्वतःची गाडी दारात आणून लावली होती. सिलिंडर मागच्या सीटवर आडवा, त्याला पट्टा लावलेला. “पैलवान पार दुसऱ्या टोकाला आहे, यायला तासभर लागेल,” त्या गाडी काढत म्हणाल्या. “शुक्रवारी तोच गेला होता त्यांच्याकडे. मी विचारलं, अरे तुला आठवलं कसं नाही? तर म्हणतो, आठवलं ना, सकाळीच बघितलं, नाव नव्हतं, मला वाटलं बाई गेल्या. आपण कुठे विचारतो, म्हणतो.” हे खरंच आहे. या धंद्यात ते कोणी कोणाला शिकवत नाही, पण सगळे पाळतात. यादीतून नाव गेलं की माणूस गेलं असं धरायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पैलवानाचा सकाळी अडखळलेला अंगठा मला दिसला. त्या अंगठ्यानं त्या बाईंना मनातल्या मनात पोचवूनही टाकलं होतं, आणि मी शेजारी उभा राहून विनोद करत होतो. “फोन उचलत नाहीयेत आता,” बाई म्हणाल्या. सिग्नलला गाडी थांबली. त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली, मग माझ्याकडे न बघता विचारलं, “काका, तारीख चुकली का तुमच्याकडून?” “चुकली नाही,” मी म्हटलं. “मुद्दाम टाकली.” त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मागून हॉर्न वाजले. त्यांनी गाडी पुढे काढली. मी मागे हात घालून सिलिंडरचा गळा धरून बसलो होतो. तो गार होता. मला मनातून दादाला शिव्या द्यायच्या होत्या. तुझी ती अट. तुझं ते एक घर. आणि शिवी मनात पूर्ण होईना, कारण त्याचं बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं आणि मला ते तेव्हाच माहीत होतं, म्हणून तर मी तीन दिवस तोंड उघडलं नाही.

तिसरा मजला. लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला. सिलिंडर मी खांद्यावर घेतला. बाई म्हणाल्या, दोघं धरूया, मी नको म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी थांबलो नाही. बाईंनी पुढे जाऊन बेल वाजवली आणि दार लगेच उघडलं, जणू माणूस दारामागेच उभा होता. सत्तरीचे गृहस्थ, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, सिलिंडरकडे पाहिलं. “आत आणा,” ते म्हणाले. “लवकर आणा.”

खोलीत खिडकीशी खाट होती, खाटेवर उशांच्या उतरंडीला टेकून एक बाई बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, ओठ निळसर, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. शेजारच्या सिलिंडरचा काटा तांबड्या पट्ट्यात अगदी तळाला टेकला होता. “बारापासून मी कमी कमी करत आणलंय,” गृहस्थ म्हणाले. “तेवढं पुरावं म्हणून. तिला सांगितलं नाही. ती विचारत होती, आज एवढं जड का वाटतंय, मी म्हटलं, हवा कोंदट आहे.” त्यांचा हात अजून त्या चावीवर होता. मी जुना काढला, नवा लावला, पाना फिरवला. माझे हात ते काम करत होते आणि ते थरथरत नव्हते, याचीच मला लाज वाटत होती. नळीतून बारीक फुसफुस सुरू झाली. आम्ही तिघं उभे राहून एका माणसाचा श्वास बघत होतो. दहा मिनिटं गेली असतील. खांदे हळूहळू खाली आले. ओठांचा रंग बदलला. त्यांनी डोळे उघडून आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि मला विचारलं, “एवढा उशीर… का हो झाला?”

“गाडी वाटेत…” मॅनेजरबाईंनी सुरुवात केली. माझ्याही तोंडात वाक्य तयार होतं. गाडी बंद पडली, रस्ता अडला, काहीही चाललं असतं. त्या विश्वास ठेवायला तयारच होत्या, वहिनींसारख्याच. पण मला दुसऱ्यांदा रचता येईना.

“तुमचं नाव यादीत आलं नाही,” मी म्हटलं. “माझ्यामुळे आलं नाही. मशीनला रोज तारीख सांगावी लागते. आजची सांगायची होती. मी एक आठवडा मागची सांगितली, तेव्हा तुमचं नाव घातलेलं नव्हतं.”

“मागची का?” गृहस्थांनी विचारलं.

“आज माझा भाऊ गेला.”

“आज?” त्यांचा आवाज एकदम उतरला. “अहो, मग तुम्ही इथे…”

“अठ्ठावीस वर्षांपूर्वी. आजच्या तारखेला. मला ती तारीख टाकवेना.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा तांबडा होत गेला आणि ते ओरडले. खोली लहान होती, आवाज भिंतींवर आपटत होता. “अठ्ठावीस वर्षं? अठ्ठावीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी तुम्ही हिला मारत होतात? मी इथे बसून चावी फिरवत होतो, या हातानं, कळतंय का तुम्हाला, हिचा श्वास मी माझ्या हातानं कमी करत होतो! तुम्हाला तारीख टाकवत नव्हती? मग घरी बसायचं! काम कशाला करता? एक तारीख! एक तारीख टाकायची होती तुम्हाला!” मॅनेजरबाई पुढे झाल्या, म्हणाल्या, “साहेब, माझीही चूक आहे.” गृहस्थांनी बाईंना हातानं बाजूला केलं. त्यांना माझ्याशीच बोलायचं होतं. मी मान खाली घातली नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि एकेक शब्द ऐकत होतो. मला एवढी वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं, तू काय करणार होतास, तुझा काय दोष, धाकटा किती खंबीर आहे. कोणीतरी मला धरून विचारायला हवं होतं, दारात थांबला होता ना तो? मग वळला का नाहीस? एवढंच करायचं होतं, मान वळवायची होती. ते कोणी विचारलं नाही. मला वाटत होतं या माणसानं थांबू नये. त्याला खोकला आला तेव्हासुद्धा मी वाट बघत उभा राहिलो.

खाटेवरून हात वर झाला. बाईंचा. नळी लावलेला चेहरा त्यांनी नवऱ्याकडे वळवला. त्यांना बोलायला वेळ लागत होता, दोन शब्द, मग श्वास, मग पुढचे दोन.

“पुरे आता,” त्या म्हणाल्या. “भाऊ गेलाय त्यांचा.”

गृहस्थ थांबले. त्यांनी एक खुर्ची माझ्याकडे ढकलली. मी तिच्यावर बसलो आणि त्या परक्या घरात, त्या दोघांसमोर आणि मॅनेजरबाईंसमोर, मोठ्यानं रडलो. कोणी मला थांबवलं नाही.